तर

आठवी ब. तिसरा तास. खिडकीतून सुकटीचा वास,
आणि फळ्यावर माझ्या अक्षरात फॅनबॉईज,
म्हणजे फॉर, अँड, नॉर, बट, ऑर, येट, सो.
पोरं हसतात. फॅन बंद आहे सर, लाईट गेलीय.

मी सांगतो: दोन वाक्यं असतात.
दोन्हींना आपापला कर्ता, आपापलं क्रियापद,
दोन्ही आपापल्या पायावर उभी,
जसं अलीकडे आगरबाव, पलीकडे साखरबंदर,
एकाचं दुसऱ्यावाचून अडत नाही.
(बाजार साखरबंदरला, हायस्कूल आगरबावात,
तेव्हा अडतं. पण ते व्याकरणात धरायचं नाही.)

मधे खाडी. मधे स्वल्पविराम.
त्याला लागून एक छोटा शब्द
जो इकडचा नाही, तिकडचाही नाही,
चार बायका, दोन कोंबड्या, एखादी सायकल घेऊन
भरतीच्या हिशेबाने तिरका तिरका जातो.

"म्हणजे तर," मागच्या बाकावरून मैमुना होडेकर.
तर म्हणजे देन, मी म्हटलं. इफ असेल तिथे. तो पुढचा धडा.
"नाही सर. तर. आमची. अब्बांची."

एक्केचाळीस वर्षं हीच भाषा तोंडात,
आणि कधी ध्यानातच आलं नव्हतं
की धक्क्यावर जिची वाट बघत छत्री धरून उभा राहायचो
आणि वाक्यात ज्याच्यावर पाय ठेवून पुढे जातो
त्या दोघांची अक्षरं तीच.

गृहपाठ: स्वतःची दोन वाक्यं लिहा, जोडा.
विराज खेडेकर: आय लाइक मँगो अँड आय लाइक मँगो.
नियमाने बरोबर. अर्धा गुण.
सानिका भुवड: माय ब्रदर इज इन मुंबई,
बट माय मदर कुक्स फॉर हिम.
ह्याच्यावर मी पेन जरा वेळ तसाच धरला.
मैमुना: द जंगलजेट्टी केम, अँड अवर तर स्टॉप्ड.

अँड खोडला. वर लाल शाईने सो.
आधी कारण, मग परिणाम, स्पष्ट आहे.
दोन वर्षांपूर्वी आली ती, लोखंडाची,
डंपर पोटात घेणारी, सहा मिनिटांत पार.
माझी मोटरसायकल पहिल्याच आठवड्यात चढली तिच्यावर.
तेही स्पष्ट आहे.

मधल्या सुट्टीत वही घेऊन आली.
"सर, सो लिहिलं की कुणाची तरी चूक होते.
अब्बा म्हणतात, ती आली. आपली थांबली. बस."
मग दोन वाक्यं वेगळीच ठेव, मी म्हटलं. फुलस्टॉप दे.
"फुलस्टॉप असता तर
अब्बा रोज सकाळी खाली गेले नसते."

मी फळ्याकडे बघितलं.
सातांपैकी एकही उठून पुढे आला नाही.

त्या संध्याकाळी जेट्टी चुकली. म्हणजे चुकवली.
जुन्या धक्क्याशी इस्माईलभाई पालथ्या तरीला टेकून
फळीफळीच्या फटीत कापूस ठासत होते,
बाजूला डबड्यात डांबर तापत.
पाण्यात कधी घालणार, विचारलं.
"घालायची कशाला?" हात न थांबवता म्हणाले,
"पण सुकली की उकलते, मास्तर."
पलीकडून भोंगा वाजला. आम्ही दोघांनीही वळून बघितलं नाही,
नंतर बघितलं.

घरी येऊन वही काढली.
सो खोडला, अँड परत लिहिला,
आधीच्यापेक्षा थोडा मोठा, थोडा वाकडा.
गुण दिले. सही केली. तारीख घातली.
वाक्यातला तर इंग्रजी नाही,
त्याखाली रेघ मारायची राहून गेली.