ऐवजी

जालन्यात कादराबादेला
मुंतजीबभाईच्या पत्र्याखाली
कुलपं, काटे गेलेली घड्याळं,
आणि त्यांच्या आडून बघणारी
वीतभर चिनी मातीची मेंढपाळीण.

"असली नाही," तो आधीच सांगून टाकतो.
"दुसऱ्या लढाईत जर्मनीचा माल बंद पडला,
तवा कुण्या बरण्यावाल्यानं काढलेली."

मला तसलीच हवी असते.

साचा मडमेचा, झगा घोळदार.
रंगवणाऱ्यानं त्याला काठ ओढलाय,
कपाळावर ठिपका टेकवलाय,
आणि पायाशी कोकरू म्हणून जे बसलंय
त्याचे कान लोंबते,
सरळसरळ उस्मानाबादी शेळीचे.
उलटी करतो. बुडाला शिक्का नाही.
भट्टीत फुटू नये म्हणून ठेवलेलं भोक,
करंगळी जाते तिथवर
कुणाच्या तरी अंगठ्याची रेघ.

घरी अशा एकेचाळीस.
बायको म्हणते, नकलांचं दुकान.

विजेच्या खांबावरच्या वाट्या
याच मातीच्या.
वडील खांबावरच गेले.
त्यांच्या जागी मला घेतलं, एकोणिसाव्या वर्षी.
एकतीस वर्षं मस्टरवर माझी सही,
आणि निरोपाच्या हाराच्या दिवशीसुद्धा
मी 'गंगावण्याचा पोरगा'.

"तीनशे."
"दोनशे घे."
"असली असती तर तीन हजार म्हणलो असतो, साहेब."
असली असती तर मी थांबलोच नसतो,
हे त्याला सांगत नाही. तीनशे देतो.

जुन्या पेपरात गुंडाळताना
तो आधी शेळीचे कान झाकतो.
तेच मोडतात, म्हणतो.