गुरुवारचे जोड

सिव्हिलच्या सिस्टरनं केसपेपरच्या मागं
लिहून दिलं होतं:
खणभाग, शाळा, मागचं दार, सात वाजता.
वार लिहायचा राहिला,
की मीच वाचायचा टाळला, कोण जाणे.
तो कागद चार महिने माझ्या पेटीत,
ऐरणीखाली, मेणाच्या गोळ्याला चिकटून.

गुत्त्यांचा पत्ता कधी कुणाला विचारला नाही.
वीज गेलेली असो, पोटात काही नसो,
पाय बरोबर नेऊन उभं करायचे.
या शाळेसाठी मात्र
मारुती चौकातून तीनदा मागं फिरलो.
एकदा तर पत्ता विचारायला म्हणून
गुत्त्यातच शिरलो.

मग एका मंगळवारी गेलो. आत शिवणाचा वर्ग.
चौदा बायका मशिनीवरून वर बघायला लागल्या.
शिपाईमामा म्हणाले, 'गुरवारी असतंय ते.
लाजू नगा, पहिल्या बारीला
लई जण मंगळवारीच येत्यात.'
'ते म्हंजे काय?' मी विचारलं.
'तुमी ज्याला आलाय ते,' म्हणाले
आणि कुलूप शोधायला लागले.

गुरुवारी लवकर निघालो, उशिरा पोचलो.
मागच्या दाराशी अकरा जोड.
तीस वर्षं मान खाली घालून बसलेला माणूस मी,
तोंडं लक्षात राहत नाहीत.
टाचा कळतात.
हा डावा बाहेरून झिजलेला, पोस्टातल्याचा.
हे काळे बूट कॉलेज कॉर्नरच्या वकिलाचे,
दोनदा सोल बदललेत, एकदाचे पैसे यायचेत.
आणि ह्या पायताणाचा अंगठा
दिवाळीच्या आधी मीच शिवला होता.
हात कापत होते. आरी आधी बोटात गेली,
मग कातड्यात. टाका वाकडा पडला.
तरी त्यानं पुरे पैसे दिले, काही बोलला नाही.
का बोलला नाही
ते आता, दारात उभा राहून कळलं.

एक बायकांची चप्पल होती.
नवऱ्याला घेऊन आली असेल, असं मनाशी म्हटलं.
तसं नव्हतं.

नाव तेवढंच सांगा, आडनाव नको, म्हणाले.
मला हसू आलं.
बाहेर अख्खी सांगली काढून ठेवलीय दारात.

पहिलीतल्या पोरांची बाकं, गुडघे मावेनात.
फळ्यावर पट चाळीस, हजर सदतीस.
भिंतीवर पुराची रेघ, माझ्या डोक्याच्या वर.
त्याच पाण्यात माझे फर्मे वाहून गेले.
नवे आणले, तरी दोन वर्षं
जुन्यांचं सुतक पाळत पीत होतो.

कुणी शहाणपण शिकवलं नाही.
वकील म्हणाला, पोरीच्या अक्षतांच्या वेळी
मी गाडीच्या डिकीपाशी होतो.
पोस्टातला म्हणाला, आज चौथा दिवस.
ती बाई म्हणाली, सहा वर्षं झाली,
आणि काल रात्री पुन्हा वाटलं होतं.
सगळे नुसते ऐकत होते. पंखा कुरकुरत होता.

माझी पाळी आली.
दातात दोरा धरल्यासारखं झालं.
'आनंदा,' एवढंच म्हणालो.
पुढचं वाक्य सगळ्यांना येत होतं,
माझ्या तोंडून निघेना.
म्हणालो, 'अंगठ्याचा टाका वाकडा गेलाय.
उद्या आणा. उसवून परत शिवतो.'
मागच्या बाकावरून आवाज आला,
'राहू दे. टिकलाय.'

त्याचं नाव हिंदुराव.
इतकी वर्षं मी त्याला अंगठ्यावरून ओळखत होतो.

निघताना बघितलं,
बारा जोडांत सगळ्यात फाटका माझा,
खिळा मारून भागवलेला.
मालनला अजून सांगितलं नाही.
पुढचा गुरुवार सात दिवस लांब,
आणि उद्याचा शुक्रवार त्याच्या आधी येतो.
स्टँडसमोरचा गुत्ता सकाळी आठला उघडतो.
मी पेटी साडेसातला उघडणार आहे.