रिठी

सातबाऱ्यावर आमचं गाव आहे : मौजा कन्हारडोह, रिठी.
रिठी म्हणजे नाव आहे, शीव आहे,
तलाठ्याच्या कपाटात कापडावरचा नकाशा आहे,
चूल मात्र एकही नाही.
आम्ही राहतो कोसभर अलीकडे, बोडीच्या पाळीखाली.
पस्तीस घरं. त्यांना कागदावर नाव नाही.
कोणी टोली म्हणतं, कोणी नुसतं 'पाळीखाले'.

बचतगटाच्या चिन्नोरसाठी औंदा मी नाव घेतलं :
कन्हार, टिंब, शेत.
'शेत' हे शेपूट नवीनच निघालेलं, म्हणून स्वस्त.
साडेसातशे रुपये वर्षाचे, रसवंताबाईच्या अंड्यांच्या पैशातून.
पिशव्या छापून आणल्या भंडाऱ्याहून, निळ्या शाईत.

मग दीपंकरचा फोन :
"काकू, तुमचं नाव टाकलं तर
माझ्याकडं कुणाची तरी मातीची भांडी उघडतात."

त्यानं समजावलं. नावांच्या वह्या आता दोन.
एक जुनी, वरून खाली उतरणारी, दरसाल भाडं मागणारी.
दुसरी कोणाचीच नाही, हजार ठिकाणी तिची एकच नक्कल,
एकदा घेतलं की कायमचं,
किल्ली बारा शब्दांची, हरवली की संपलं.
तिथं 'शेत' आधीच विकून झालं होतं.
"मग खरं कोणतं?"
"फोन कोणत्या वहीला विचारतो, त्यावर आहे."

तक्रार करायची तर सेतू केंद्रात करतात.
तिथं मीच बसते.

सायत्राबाई मडावी सूप थांबवून म्हणाली,
"माहा सासरा रिठीत, मी रेशनच्या कारडात,
अन् चूल इथं. मले कोन्त्या वहीत पाह्यशीन तू?"
आणि पाखडू लागली. कोंडा माझ्या कीबोर्डवर.

परवा गाडीवाला आला पाच पोत्यांसाठी,
राइस मिलपाशी उभा राहून ओरडत होता फोनवर,
मॅडम, नकाशा तर मला पळसात घेऊन आला,
इथं कोणीच नाही जी!
नाही ना. ते गाव आहे, म्हटलं.
तुम्ही मागं फिरा, पाळ दिसेल, कोणालाही विचारा.

अंधारात आला. कडी वाजली.
"कोण?"
"मी," तो म्हणाला.
आवाज ओळखीचा नव्हता,
तरी हात कडीकडे गेलाच होता.