आभाराची चार बोटं जागा

म्वांझात, बस-थांब्यामागच्या माझ्या दुकानात
लग्नाचे फलक छापतो मी, मयतीचे छापतो,
निवडणुकीत तर यंत्राला आणि मला डुलकीही मिळत नाही.
संशोधनाचा फलक मात्र पहिल्यांदाच आला,
मिंझाच्या पेनड्राइव्हमधून,
शनिवारी, नेमका वीज जायच्या वेळेला.

उघडून बघतो तर मुंगीला शिरायला जागा नाही.
तीन तक्ते, नऊ परिच्छेद,
आणि मथळा असा लांब
की शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरावी.
म्हटलं, पोरी,
हे भिंतीवर लावायचंय
की बाटलीत घालून सरोवरात सोडायचंय?
फलक वाचणारा माणूस चालता असतो.
हातात चहा, चित्त जेवणाच्या रांगेकडे.
मयताच्या फलकावर मी काय ठेवतो?
चेहरा, नाव, दोन तारखा.
बाकीचं आयुष्य लोक आपसात बोलतात.

ती हसली नाही.
म्हणाली, मासुंगाकाका, चार वर्षं काढलीत मी
इगोम्बेच्या वाळूत, डागा मासळी मोजत.
यातलं कुठलं वर्ष काढू?

मग जनरेटर लावला.
एकेक वाक्य ती पुसायची,
परत आणायची,
पुन्हा पुसायची,
निवडलेल्या तांदळात खडा राहिलाय असं वाटून
सूप परत हातात घ्यावं तशी.
रात्री अकराला मथळा सापडला:
वाळूवर वाळवलेली मासळी लवकर का नासते?
एवढंच. प्रश्नचिन्ह मी मोठं केलं.
उरल्या पांढऱ्या जागेची तिला भीती वाटली.
म्हटलं, असू दे, तिथे माणसं उभी राहतील.

खालच्या पट्टीत देणगीदारांची पाच बोधचिन्हं,
प्रत्येकाचं माप पत्रात लिहून आलेलं.
वर प्राध्यापकांची सहा नावं;
त्यातल्या दोघांनी सरोवर पाहिलंय, म्हणाली.
आणि मधोमध फोटो:
मचाणावर मासळी उलटणारे हात,
मनगटापर्यंतच.
हे हात कुणाचे?
न्शोमाचे.
मग नाव कुठाय?
ती आकड्यात आहे, चौसष्टांतली एक.
मी काही बोललो नाही, नुसता माऊस थांबवला.
तेव्हा म्हणाली, विचारलं होतं मी सगळ्यांना.
नावं नकोत म्हणाल्या,
करवसुलीवाला वाचायचा.

या कारणापुढे कुणाचं काय चालणार.
पण ‘इगोम्बेच्या बायकांचे आभार’ ही ओळ
तिने कोपऱ्यात, चष्म्यालाही न दिसेल अशी टाकलेली.
मी पाचही बोधचिन्हं नखभर आक्रसली.
पत्र लिहिणारे पट्टी घेऊन कंपालाला थोडेच येणार आहेत.
चार बोटं जागा निघाली.
ओळ तिथे बसवली.

पहिली प्रत बिघडली.
निळी शाई तुंबली,
हात पिवळे, मासळी पिवळी, आलेख पिवळा,
सगळ्या संशोधनाला कावीळ.
मिंझा स्टुलावर बसून रडली, दमली होती म्हणून.
दुसरी पहाटे साडेचारला नीट निघाली.
नळकांड्यात घालून दिली.
सीमेवर शिपायाने विचारलं, बंदूक आहे का?
ती म्हणाली, मासळी.
मग तर त्याने उघडूनच पाहिलं.

कंपालाहून फोन आला.
जागा क्रमांक एकशे सतरा, स्वच्छतागृहाच्या दारासमोर.
म्हटलं, नशीब काढलंस,
तिथे सगळ्यांना यावंच लागतं.
अकरा जण थांबले, म्हणाली.
एकाने आलेखाबद्दल विचारलं, दोघांनी वासाबद्दल.
आभाराबद्दल?
लाइन तुटली, की तिने ऐकलं नाही.

पिवळी प्रत मी फेकणार होतो.
न्शोमा बाजाराला आली होती, तिने मागून घेतली.
कापड जाड आहे, म्हणाली, कडेला भोकं पाडून दे.
आता रात्री मचाणावर ती ओढून बांधतात,
अक्षरं खाली, मासळीकडे.
दव वरच राहतं.
सकाळी दोघी जणी दोन टोकं धरून
ती झटकतात, घडी घालतात,
आणि घडीत नेमकं वर काय येतं
ते मी अजून जाऊन पाहिलेलं नाही.