नेफा

स्टुलावरून पडले, एवढंच.
वरच्या फळीवरून पॉपलीनचा गठ्ठा काढत होते
घणसोलीतल्या माझ्याच दुकानात,
आणि उजवा हात अंगाखाली आला.
आवाज झाला तो ओळखीचा वाटला:
कोरं कापड टरकावताना होतो तसा,
फक्त आखूड.

ठाणे-बेलापूर रस्त्यावर रिक्षाने
प्रत्येक खड्डा खांद्याला सांगितला.

वाशीला डॉक्टर पाठारेंनी फोटो दाखवला.
खांद्याचा गोळा मानेशी तुटून मागे फिरलेला.
"बाही उलटी लागलीय," मी म्हटलं.
त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तसंच समजा."

केवढं कापणार?
आमच्या आळीतल्या गुलाबताईंचा खांदा बारा वर्षांपूर्वी
गळ्यापासून दंडापर्यंत उसवला होता,
अजून त्या कोपरापर्यंत बाही मागतात.
डॉक्टरांनी औषधाच्या कागदामागे पेनने काढून दाखवलं:
वर एक छेद, चार सेंटिमीटर,
खाली एक, त्याहून लहान.
मधल्या जागेला हात लावायचा नाही.
तिथून एक नस आडवी जाते,
ती दुखावली तर हात उचलणारा स्नायूच झोपतो.
"मग पट्टी आत जाणार कशी?"
"वरून सरकवायची. हाडाला धरून, नसेच्या खालून,
एक्स-रेच्या पडद्यावर बघत बघत."

मी गप्प झाले.
चाळीस वर्षं परकराच्या नेफ्यातून
सेफ्टी पिनला अडकवून नाडी ओवत आले,
बाहेरून चाचपत, आतलं न बघता,
पिन कुठे पोचली, कुठे अडली.
माझ्या बोटांना पडदा लागला नाही कधी.
हे बोलले नाही.
एवढंच विचारलं, मध्येच पिळली तर?
"म्हणून तर पडदा."

हाड विरलंय, हेही त्यांनीच सांगितलं.
विरलेलं कापड मला कुणी शिकवू नये.
टाका घातला की टाक्यापाशीच फाटतं.
त्याला अस्तर द्यावं लागतं,
टाक्याने अस्तराला धरायचं, कापडावर भार नाही.
"आमचे स्क्रूसुद्धा पट्टीतच आटे घेऊन बसतात,"
त्या म्हणाल्या, आणि तेव्हा हसल्या,
जणू आम्ही दोघी एकाच बाईकडे
शिवण शिकलो होतो.

ऑपरेशनचं फारसं आठवत नाही.
मानेत एक सुई, मग हात दुसऱ्या कुणाचा तरी झाला.
तोंडावर येण्याआधी निळ्या चादरीची शिवण दिसली:
कच्ची, टोकाला दोरा लोंबता.
पोटात गोळाच आला.

पट्टी सुटली तेव्हा पहिल्यांदा टाके मोजले.
वरचा छेद कोटाच्या काजापेक्षा जरा मोठा.
तिसरा टाका ओढलेला होता.
सांगितलं नाही, बिलात सूट थोडीच मिळणार.

आता रोज सकाळी भिंतीसमोर उभी राहते,
बोटं चालवत हात वर नेते, मुंगी चढते तसा.
जिथे थांबतो तिथे प्रणाली खडूने रेघ मारते,
शिवणकामाच्याच खडूने, तारीख घालून.
टेप लावून सांगते: कालपेक्षा पाऊण इंच.
कधी सांगते: काल होतं तिथेच.
एकदा मागे आलं होतं, तर रेघच मारली नाही तिने.
मी ओरडले. मग मारली.

वर जातो. मागे जात नाही.
साऱ्या घणसोलीच्या पाठींना हुक लावले मी,
माझ्या पाठीचे प्रणाली लावते,
दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून.
नवीन गिऱ्हाइकाला आताशा आधी विचारते:
हुक पुढे घेऊ की मागे?

काल डाव्या हाताने नाडी ओवायला घेतली.
मध्यावर, जोडाच्या शिवणीपाशी, पिन अडली.
एरवी हिसका दिला असता.
बोट तिथेच ठेवलं,
कुणाची तरी नस जात असावी खालून, अशी थांबले.
प्रणालीने विचारलं, "काय झालं?"
काही नाही, म्हटलं. वाट शोधतेय.