मुहर्रकची वाकळ

शुक्रवारी जैतूनच्या हॉलमध्ये सोफे भिंतीला सरकतात
आणि फरशीवर आम्ही समुद्र अंथरतो.
साडेसहा फूट बाय पाच. अजून अर्धाच झालाय.

जैतून श्रीवर्धनची. मी कराडकडची.
तिचा धावदोरा काठावरून आत आत वळत जातो,
माझी आई सरळ जायची, पाभर धरल्यासारखी.
यावरून पहिले दोन शुक्रवार गेले.
शेवटी ठरलं : लाटा तिच्या, किनारा माझा.

निळं कापड विकत आणायचं नाही,
हा नियम कुणी केला आठवत नाही.
म्हणून नवऱ्याचा बॉयलर सूट, गुडघ्यावर विरलेला;
शाळेच्या तीन शर्टांच्या पाठी;
जैतूनच्या बहिणीचा लग्नातला शरारा,
जो तिला नकोच होता. लग्नही.

सगळं धुतलं एसीच्या पाण्यात.
बाल्कनीत नळीखाली बादली ठेवली की
ऑगस्टात दुपारपर्यंत काठोकाठ.
हवा पिळून निघालेलं पाणी,
आणि ते आम्ही नऊ वर्षं
मोरीत सोडत होतो.

माझा नवरा पाणी बनवतो.
गावाकडे फोनवर मी असंच सांगते
आणि सासू दर वेळी हसते, अगं, पाणी काय बनवायचं असतं?
समुद्र आत घेतात. गोडं वेगळं काढतात.
उरलेलं परत समुद्रात.
मी विचारलं, त्या उरलेल्याचा रंग कोणता?
मला तुकडा निवडायचाय.
तो जेवता जेवता थांबला.
म्हणाला, रंग नसतो. जड असतं फक्त.
जड आणि कोमट. तळाला जाऊन बसतं.

मग खालच्या काठाला आम्ही चार पदर घातले,
वर एकच.
सुई जाईना. जैतूनचं अंगुस्तान चेपलं,
तिनं अंगठ्याला दुधाच्या डब्याचा पत्रा गुंडाळला.

बद्रिया शेजारच्या. ऐंशी कधीच ओलांडलेली.
त्या टाके घालत नाहीत, नीट दिसत नाही त्यांना.
हात फिरवतात.
जैतूनचं अरबी बाजारातलं, माझं खाणाखुणांचं.
त्यांचे वडील मोत्यांच्या होडीवर होते.
रिकामी कातडी पखाल घेऊन बुडी मारायचे
आणि खाऱ्याच्या तळातून गोडं भरून आणायचे.
समुद्राच्या पोटात झरा. त्याला म्हणायचे कौकब.
म्हणजे तारा, जैतून म्हणाली, आणि दात लावून दोरा तोडला.

बद्रियांनी बोट टेकवलं : इथे.
मी आईच्या पातळाचा पांढरा गोल लावला.
पुढच्या शुक्रवारी हात फिरवून म्हणाल्या,
नाही, जरा अलीकडे.
उसवला. लावला. उसवला.
चौथ्या वेळी जैतून चिडली, फोनवर नकाशा उघडला,
बद्रियांच्या खुणा जुळवत गेली :
मनोरा पाठीशी ठेवायचा,
खजुरांच्या दोन रांगा एक दिसल्या
की वल्हं थांबवायचं.
तिथे आता भराव आहे. सहापदरी रस्ता
आणि गाड्या धुवायचं दुकान.

मी वाट बघत राहिले, हे ती कोणत्या शब्दांत सांगणार.
तिनं सांगितलंच नाही.
बद्रियाच म्हणाल्या,
माहीत आहे गं. माझा मुलगा तिथेच धुतो गाडी.

त्या जागचं कापड आता जाळीदार झालंय,
सुईच्या भोकाभोकांनी.
ठिगळ लावायला मी तुकडा कातरला होता.
तो अजून डब्यात आहे.

गेल्या महिन्यात वाकळ प्रदर्शनात टांगली.
आडवी दांडी मधोमध वाकली.
व्यवस्थेतला एक मुलगा शिडी घेऊन आला,
म्हणाला, मॅडम, खालून थोडं वजन कमी करता येईल का?
जैतून त्याच्याकडे बघत राहिली.
मग माझ्याकडे बोट केलं.
हिच्या नवऱ्याला विचार.