नव्या वकिलास, थाळनेरच्या उतारावर

नेमाजी, आधी पागोटं सोड.
हा पेच मांडूचा. चांपानेरच्या ड्योढीवरचा कारकून
माणसाचं तोंड नंतर बघतो,
आधी डोईवरचा पीळ मोजतो.
प्रकाशाच्या अलीकडे एक चिंच आहे, पोकळ,
माझी दोन पागोटी तिच्या ढोलीत म्हातारी झाली.
एकदा घाईत चुकीचं बांधलं,
कोसभर गेल्यावर ध्यानात आलं;
पुढचा सारा रस्ता डोकं दुखतंय म्हणून
उघड्या बोडक्यानं चाललो.
दुखतही होतं.

नजराण्याची यादी बघ.
मलमलीची बारा ठाणं, मांडूला गेली तीही बाराच.
तेरावं मागतील.
नाही म्हणायचं नाही,
विणतायत म्हणायचं.
ते तेरावं ठाण मी बावीस वर्षं विणतोय.

हत्ती मात्र खोटा सांगू नको. हत्ती मोजता येतो.

आपलं राज्य केवढं?
सातपुड्यात शिंकलं
तर सातमाळ्यात कुणी शतंजीव म्हणावं, एवढं.
दख्खनच्या नद्या उगवतीला जातात,
आपली तापी मावळतीला;
तिला कुणी फितूर म्हणत नाही.

एका वैशाखात दोघांचे वकील एकाच दिवशी आले.
एक नंदुरबारकडून, त्या काठावर,
दुसरा घाट उतरून थेट वेशीशी.
आधी आत कुणाला घ्यायचं?
खानसाहेबांना ताप आणला. हकिमानं नाडीही धरली.
दोन दिवस पुरला ताप.
तिसऱ्या दिवशी पात्रातल्या वाळूवर, टरबुजांच्या वाडीत,
दोरीनं मोजून दोन तंबू मारले,
लोड सारखे, पडदे सारखे,
माशाही बहुधा सारख्याच.
मग सकवार भोयीण टरबूज घेऊन आली
आणि मी जागच्या जागी गार.
पहिली फोड कुणाला?
अख्ख्या दरबारात हे कुणाला सुचलंच नव्हतं.
तिनं फळ गुडघ्यावर फोडलं
आणि दोन्ही हात एकदम पुढे केले.

फोडी सारख्या नव्हत्या.
पण दोघे एकमेकांच्या फोडीकडेच बघत राहिले,
आणि तहाचा कागद राहिला कोरा,
वर रसाचे दोन डाग.
त्या कोऱ्या कागदावर आपण नऊ पावसाळे काढले.

सकवारच्या हातावर टंका ठेवून विचारलं, कुठं शिकलीस?
म्हणाली, मना घर दोन आंडोर शेतस.

या कामाची किंमत असते, तीही ऐक.
थोरलीची सोयरीक ठरत होती.
व्याही म्हणाले, मग होच समजायचं ना?
मी म्हणालो, आपला स्नेह जुना आहे.
पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच.
ते उठून गेले. पोर वर्षभर माझ्याशी बोलली नाही.
होकारच होता रे माझा.

त्यांच्या वैराला तू भितोस.
मी नाही भीत; आपल्या धाब्याच्या घराचं
ते एक आढंच आहे.
रात्री दचकून उठतो ते दुसऱ्याच स्वप्नानं.
दोघे एकमेकांना कडकडून भेटतायत,
आणि मिठीच्या मधे काय चुरडलं
ते कुणी वाकून बघत नाही.

तिथं विचारतील, मांडू काय म्हणतंय?
खरंच सांग.
पण मागच्या महिन्यातलं.

हा हिलाल भोई कधीचा खोळंबलाय.
त्याला एकदा म्हटलं होतं, म्हातारा झालास,
आता नाव एका काठाला बांध, बैस.
वल्ह्यावरचं पाणी झटकत म्हणाला,
नाव काठले बांधी ठेवी का सडी जास, मालक.

चल, बैस. जोडे हातात घे,
मधे नाव बुडाशी जरा गळते.
आणि ती चिंच उजव्या हाताला आहे,
मी डाव्या म्हणालो असेन तर
सवयीनं म्हणालो असेन.